परदेशी प्रदर्शनाचे घडीचे दालन दर वेळी वाटेत का अडकते : कारणे आणि उपाय

बांबूचे खांब, ॲल्युमिनियमचे जोड, कापडी छत, एलईडी दिवे आणि सुटी होणारी फडताळे असे घडीचे दालन घेऊन परदेशी प्रदर्शनाला जाणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोली भागातील कारागिरांच्या आणि बचत गटांच्या तोंडी एक तक्रार नेहमी असते. गावातून माल वेळेवर निघतो, नागपूरपर्यंत सुखरूप पोहोचतो आणि त्यानंतर कोठेतरी अडकतो. कधी पेटीचे लाकूड चालत नाही, कधी यादी जुळत नाही, कधी भाड्याचे बिल अंदाजाच्या तिप्पट येते, आणि जाताना सगळे सुरळीत पार पडले तर परत येताना बंदरावर शुल्क मागितले जाते. कारण दर वेळी वेगळे सांगितले जात असल्यामुळे दोष माल पाठवून देणाऱ्या एजंटाचा आहे असे वाटते, एजंट बदलला जातो आणि पुढच्या वर्षी नव्या एजंटाकडेही तेच घडते.

ही कारणे वरवर वेगळी दिसली तरी त्यांतली बहुतेक गावातल्या शेडमध्येच तयार झालेली असतात. आधी दालन बांधले जाते, मग ते कसेबसे मावेल अशी पेटी ठोकली जाते आणि यादी सर्वांत शेवटी, टेम्पो दाराशी उभा असताना लिहिली जाते. दालन गावच्या जत्रेत किंवा नागपूरच्या एखाद्या प्रदर्शनात उभे करायचे असेल तर या क्रमाने काही बिघडत नाही, कारण तेथे आपल्याच माणसांनी खोलायचे आणि आपल्याच माणसांनी जोडायचे असते. परदेशी जाणारी पेटी मात्र वाटेत अनोळखी माणूस उघडतो, आणि आतली वस्तू व कागदावरची वस्तू एकच आहे हे त्याला आपण समोर नसताना पटावे लागते.

पहिली तपासणी : यादी

माल कोठे अडला याची चौकशी करण्याआधी मागील खेपेची पॅकिंग लिस्ट काढून वाचावी. 'ॲल्युमिनियम पार्ट : १ लॉट', 'बांबू मटेरियल : २ बंडल', 'इलेक्ट्रिक सामान : १ बॉक्स' अशा नोंदी तिच्यात असतील तर पुढे फार शोधण्याची गरज नाही. लॉट आणि बंडल हे शब्द गोदामात चालतात. कस्टमच्या तपासनीसाला मात्र त्यावरून काहीच मोजता येत नाही, आणि ज्याचे मोजमाप होत नाही तो माल त्याने सोडावा अशी अपेक्षाही करता येत नाही. त्याऐवजी नोंद अशी असावी : खांब, मानवेल बांबू, लांबी १५० सेंटिमीटर, व्यास ५ सेंटिमीटर, खूण पी-०१ ते पी-१२, नग १२, पेटी क्रमांक २, एकूण वजन, एकूण किंमत. असे लिहिल्याने यादी एका पानाची सहा पाने होते, पण ती एकदाच करायची असते.

खुणांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आपले सुतार आणि बुरड कारागीर तुकड्यांवर खडूने किंवा मार्करने देवनागरी अंक घालतात, ते शेडमध्ये सोयीचे असते आणि तसेच पेटीत जाते. देवनागरी ४ हा परदेशी माणसाला इंग्रजी आठासारखा दिसतो, ७ हा सहासारखा आणि १ हा नवासारखा. यादीत चार क्रमांकाचा खांब दुसऱ्या पेटीत असल्याचे लिहिलेले आहे आणि समोरच्या खांबावर त्याला आठ दिसत आहे, एवढ्यावर संपूर्ण पेटी रिकामी करून तपासली जाऊ शकते. म्हणून खूण रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत, आणि न पुसणारी असावी. ॲल्युमिनियमवर ती कोरून घ्यावी. बांबूवर डाग देऊन किंवा रंगाने लिहून वर वॉर्निशचा हात द्यावा. कागदी स्टिकर समुद्रमार्गाच्या दमट हवेत सुटतात आणि पेटीच्या तळाशी गोळा होतात.

यादी पुरेशी आहे की नाही हे निघण्यापूर्वी गावातच तपासता येते. ज्याने दालन कधी पाहिलेले नाही अशा कोणाला तरी, उदाहरणार्थ गावातल्या सेतू केंद्रावर काम करणाऱ्या मुलाला, यादी आणि बंद पेट्या द्याव्यात आणि मधूनच एखादी नोंद वाचून ती वस्तू काढून दाखवण्यास सांगावे. त्याला ती न विचारता सापडली तर यादी चालेल. 'दादा, हे म्हणजे नेमकं कोणतं?' असे त्याने विचारले तर त्या ओळीत दुरुस्ती हवी.

किंमत आणि वर्गीकरण या दोन रकान्यांत जाताना एक आणि येताना दुसरे असे कधीही लिहू नये. ॲल्युमिनियमचा सांगाडा जाताना कस्टमच्या वर्गीकरणातील ७६१० या शीर्षकाखाली गेला आणि परतताना नव्या एजंटाने तोच फर्निचर म्हणून ९४०३ खाली दाखवला, तर परत आलेली वस्तू गेलेलीच आहे का, हा प्रश्न रास्तच ठरतो. किंमत कमी दाखवण्याचा मोहही टाळलेला बरा, कारण पेटी हरवली तर विमा त्या कमी किंमतीवरच मिळतो.

कार्नेट घ्यावे की साध्या निर्यातीने पाठवावे

प्रदर्शनापुरता माल नेऊन परत आणायचा असल्यास एटीए कार्नेट, म्हणजे मालाची यादी आणि कस्टमच्या शिक्क्यांची पाने असलेली पुस्तिका, ही १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली सोय आहे. भारतात ही पुस्तिका फिक्की ही उद्योग-व्यापाऱ्यांची संस्था देते, तिची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते आणि ती असल्यास परदेशात आयात शुल्क वा त्यासाठीची अनामत भरावी लागत नाही. त्याऐवजी पुस्तिका देताना फिक्की आपल्याकडून हमी घेते. जेथे जायचे तो देश प्रदर्शनाच्या मालासाठी कार्नेट स्वीकारतो का, आणि आपला माल ज्या कस्टम कार्यालयातून निघणार तेथे कार्नेट हाताळले जाते का, हे दोन्ही प्रश्न अर्ज करण्यापूर्वी विचारावेत. नागपूरहून कंटेनर रेल्वेने न्हावा शेवा बंदराला पाठवण्याचा बेत असेल तर दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

कार्नेटवर अडकणाऱ्या बहुतेक खेपा तीन ठिकाणी अडकतात. पुस्तिका एकदा दिली गेली की तिच्या यादीत नवी वस्तू घालता येत नाही. यादीतल्यापैकी कमी वस्तू नेता येतात, जास्त नाही. तरीही शेवटच्या दिवशी कोणाच्या तरी सांगण्यावरून दोन जादा फडताळे पेटीत टाकली जातात आणि तीच नेमकी तपासणीत सापडतात. दुसरे म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तू. माहितीपत्रके, वाटायच्या भेटवस्तू, चवीसाठी ठेवलेला मोहाचा किंवा आवळ्याचा पदार्थ यांपैकी काहीही कार्नेटवर जात नाही, कारण कार्नेटचा अर्थच गेलेली वस्तू तशीच परत येईल असा आहे.

तिसरी आणि सर्वांत महागात पडणारी गोष्ट विक्रीची. शेवटच्या दिवशी गिऱ्हाईक समोर नोटा धरून उभे असते, टोपली किंवा दिव्याची छत्री त्याला हवीच असते, आणि परत नेण्याचे ओझे कमी होईल म्हणून ती विकली जाते. ती वस्तू कार्नेटच्या यादीत असेल तर परत जाताना यादी अपुरी भरते आणि त्या देशाचे शुल्क हमीदार असलेल्या फिक्कीकडून, म्हणजे फिरून आपल्याकडूनच वसूल होते. माझ्या मते गटांनी विक्रीचा माल आणि मांडणीचा माल पहिल्यापासून वेगळ्या पेट्यांत आणि वेगळ्या कागदांवर ठेवावा : विक्रीचा माल साध्या शिपिंग बिलावर (निर्यातीसाठी कस्टमकडे भरायच्या कागदावर), तेथील शुल्क भरण्याच्या तयारीने, आणि दालनाचा सांगाडा तेवढा कार्नेटवर. दोन खेपांचा खर्च थोडा जास्त येतो, पण गावातल्या बायकांनी विणलेली टोपली तेथे न विकता परत आणणे हा तरी कोठला व्यवहार?

कार्नेटच्या पानांवर शिक्का मारून घेण्याचे काम एजंटावर पूर्णपणे सोडू नये. भारतातून निघताना, परदेशात शिरताना, तेथून निघताना आणि भारतात परतताना अशा चारही ठिकाणी नोंद व्हावी लागते, आणि यांपैकी तेथून निघतानाची नोंद सर्वाधिक वेळा चुकते. प्रदर्शन संध्याकाळी संपते, त्या रात्रीच दालन उतरवावे लागते, ट्रक पहाटे निघतो आणि मधल्या वेळात कस्टमचे कार्यालय बंद असते. म्हणून त्या कार्यालयाच्या वेळा आणि शिक्का कोण आणणार त्या माणसाचे नाव दालन उभे करतानाच लिहून ठेवावे.

कार्नेट न घेता माल पाठवला तर दोन मुदती लक्षात ठेवाव्या लागतात. प्रदर्शनासाठी परत आणण्याच्या अटीवर बाहेर नेलेला माल हा पुरवठा, म्हणजे कर लागणारा व्यवहार, धरला जात नाही आणि तो विक्रीचे बिल न करता डिलिव्हरी चलनावर नेता येतो, असे जीएसटीच्या १८ जुलै २०१९ च्या परिपत्रकात, म्हणजे क्रमांक १०८ मध्ये स्पष्ट केलेले आहे; मात्र माल बाहेर काढल्यापासून ६ महिन्यांत तो विकला गेला नाही वा परत आला नाही तर पुरवठा झाला असे मानले जाते. कस्टमच्या बाजूने २०१७ ची ४५ क्रमांकाची अधिसूचना परत आलेल्या मालाला शुल्कात सूट देते, त्यासाठी तो साधारणपणे ३ वर्षांत परत यावा लागतो आणि गेलेला तो हाच माल हे सिद्ध व्हावे लागते. सिद्ध करण्याची जबाबदारी आपली असल्यामुळे वरच्या खुणा, निघण्यापूर्वीची छायाचित्रे आणि मूळ शिपिंग बिल यांचे महत्त्व येथे दिसते. परतताना बंदरावर शुल्क मागितले गेल्याची प्रकरणे पाहिली तर नियम माहीत नसणे हे कारण क्वचित असते. बहुतेकदा मूळ शिपिंग बिलावर 'एक्झिबिशन मटेरियल' एवढेच लिहिलेले असते.

भाडे अंदाजाच्या तिप्पट का येते

घडीचे दालन हलके असते आणि जागा फार खाते. विमानाने पाठवताना भाडे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतील जे जास्त असेल त्यावर लागते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ६,००० ने भागले की आकारमानाचे वजन किलोमध्ये मिळते. कुरियर कंपन्या सहसा ५,००० ने भागतात, म्हणजे तेथे ते आणखी वाढते. समुद्रमार्गे सुट्या (म्हणजे पूर्ण कंटेनर न घेता पाठवलेल्या) खेपेचे भाडे एक घनमीटर किंवा एक टन यांतील जे जास्त असेल त्यावर असते, आणि आपल्या मालात ते नेहमी घनमीटरच असते. गावाजवळच्या धरमकाट्यावर केलेले वजन म्हणूनच भाड्याच्या अंदाजाला निरुपयोगी आहे.

उपाय सांगाड्याच्या रचनेत आहे आणि तो उदाहरणाने पाहणे सोपे. समजा १२० सेंटिमीटर चौरसाच्या दहा चौकटी आहेत आणि प्रत्येकीला फडताळ टेकवण्यासाठी बाहेर आलेले ब्रॅकेट वेल्डिंग करून पक्के बसवलेले आहे. एकावर एक ठेवल्यावर प्रत्येक चौकट २० सेंटिमीटर जागा घेते, दहांची थप्पी २०० सेंटिमीटरची होते, तिचे आकारमान २.८८ घनमीटर आणि विमानाचे भाड्याचे वजन ४८० किलो. तीच ब्रॅकेट नट-बोल्टने सुटी होणारी केली तर चौकट ५ सेंटिमीटरमध्ये मावते, थप्पी ५० सेंटिमीटरची होते आणि भाड्याचे वजन १२० किलोवर येते. ब्रॅकेटची वेगळी छोटी पेटी होते, तिचे भाडे किरकोळ असते. वेल्डिंग केलेला जोड मजबूत असतो हे खरे, पण फॅब्रिकेशनवाल्याला ते काम सांगण्याआधी हा हिशेब त्याच्यासमोर मांडावा.

खांबांचे दोन तुकडे करून मध्ये ॲल्युमिनियमची नळी घालण्याची पद्धत चांगली आहे, परंतु तिने आकारमान फारसे कमी होत नाही. तिचा फायदा लांबीच्या जादा आकारणीपासून सुटण्यात आणि पेटी हाताळण्यात आहे. मानवेल जवळजवळ भरीव असल्यामुळे त्याच्या तुकड्याच्या टोकाला नळी बाहेरून बसवावी लागते, पोकळ कटांग बांबूला ती आतूनही चालते. आतून बसवलेल्या नळीमुळे बाहेरचा व्यास वाढत नाही आणि खांब एकमेकांना चिकटून रचता येतात, एवढा लाभ मात्र होतो.

उंचीचेही पाहावे. मोठ्या प्रवासी विमानाच्या पोटातील जागेत साधारण १६० सेंटिमीटर उंचीपर्यंतची पेटी जाते, नागपूरहून उडणाऱ्या लहान विमानांत त्याहून बरीच कमी. वीस फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो, पण त्याच्या दाराची उंची २.२८ मीटरच्या आसपास असते. आतली उंची पाहून २.३ मीटरची पेटी बनवणाऱ्याला ती दारातून आडवी करून घ्यावी लागते, आणि आडवी झालेल्या पेटीतले काय टिकते ते पोहोचल्यावर कळते.

पेटीचे लाकूड आणि आतले भरण

गावातल्या आरामशीनवरून आणलेल्या किंवा सेंटरिंगच्या जुन्या फळ्यांतून ठोकलेल्या पेट्या हे अडवणुकीचे सर्वांत सरळ कारण आहे. आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडी पॅकिंगचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले किंवा मान्य पद्धतीने धुरी दिलेले असावे लागते, साल काढलेले असावे लागते, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा संकेत, प्रक्रिया करणाऱ्या केंद्राचा क्रमांक आणि उष्णता प्रक्रियेसाठी 'एचटी' ही अक्षरे असा शिक्का लागतो. हा शिक्का हाताने काढलेला चालत नाही आणि केवळ प्रक्रियेचे प्रमाणपत्र सोबत जोडून भागत नाही. शिक्का लाकडावरच दिसला पाहिजे.

प्लायवूडला या मानकातून सूट असल्यामुळे प्लायवूडची पेटी केली की प्रश्न मिटला, अशी समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. पेटीच्या भिंती प्लायवूडच्या असल्या तरी खालचे टेकू, कोपऱ्यातल्या रिपा आणि आतले आडवे ठोकळे सहसा साध्या लाकडाचेच असतात, आणि ६ मिलिमीटरपेक्षा जाड असलेल्या त्या प्रत्येक तुकड्याला मानक लागू होते. टेकूचे लाकूड प्रक्रिया केलेले घ्यावे, किंवा टेकूसुद्धा प्लायवूडच्या पट्ट्या चिकटवून करावेत. फोर्कलिफ्टचे दात आत जावेत यासाठी खाली सुमारे १० सेंटिमीटर मोकळी जागा लागते, ती या टेकूंवरूनच मिळते.

आमच्याकडे धानाचे तणस फुकट मिळते आणि ठोकर न लागावी म्हणून त्याच्याइतके चांगले भरण नाही, हे कोणीही सांगेल. परंतु परदेशी जाणाऱ्या पेटीत तणस, भुसा, धान्याचा जुना बारदाना आणि बांबूचे कच्चे ताटवे यांपैकी काहीही घालू नये. वनस्पतीजन्य भरण कीड वाहून नेते म्हणून अनेक देशांत ते अडवले जाते, आणि तणसात राहिलेला एखादा दाणा पुरेसा होतो. फोम, पुठ्ठा किंवा दालनाचेच कापड भरणासाठी वापरावे. छताचे कापड तसेही घडी करून कोठेतरी ठेवायचेच असते.

झाकणाला खिळे ठोकू नयेत. तपासणीसाठी पहार लावून उघडलेली खिळ्यांची पेटी पुन्हा नीट बंद होत नाही आणि पुढचा सगळा प्रवास अर्धवट उघड्या झाकणाने होतो. पेटीत रुतणारे नट आणि बाहेरून फिरणारे बोल्ट बसवावेत, त्याची चावी झाकणाजवळ साखळीने अडकवावी आणि झाकणाच्या आतल्या बाजूला भरणीचा क्रम दाखवणारी छायाचित्रे प्लास्टिकखाली चिकटवावीत. तपासनीस वस्तू बाहेर काढतो, पण परत कोणत्या क्रमाने ठेवायच्या हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

बांबू पोहोचल्यावर फुगतो, उलतो किंवा पीठ टाकतो

कागद आणि पेटी यांतून सुटलेले दालन काही वेळा जागेवर उभेच राहत नाही. यामागे विदर्भाचे हवामान आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना शेडमध्ये वाळवलेला आणि त्याच वेळी जोड बसवलेला बांबू अतिशय कोरडा असतो. तो समुद्रकाठच्या दमट हवेत आणि कंटेनरमध्ये काही आठवडे राहिला की ओल घेऊन फुगतो आणि नळी खांबावर चढत नाही. उलट पावसाळ्यात जोडलेला बांबू हिवाळ्यात युरोपातल्या गरम केलेल्या सभागृहात गेला की आकसतो, बांधण सैल पडते आणि पेराजवळ उभी चीर जाते. ओलावा मापक स्वस्तात मिळतो, त्यावर १२ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान ओलावा असताना जोड बसवावेत, बोल्टचे एका बाजूचे छिद्र लंबगोल ठेवावे, बोल्टला स्प्रिंग वॉशर घालावा आणि सुतळीच्या कायम गाठींऐवजी आवळता येणारा पट्टा वापरावा. बांबूला प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळू नये, आतल्या आत पांढरी बुरशी येते. कागद किंवा कापड गुंडाळून कंटेनरमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगाव्यात, कारण उष्ण बंदरातून थंड बंदराकडे जाताना कंटेनरच्या छताला आतून पाणी सुटते आणि ते पेट्यांवर ठिबकते.

घुणाचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण त्यात दालनच नष्ट केले जाऊ शकते. बांबूतल्या पिष्टावर जगणारे हे बारीक भुंगे कापणीनंतर शिरतात. म्हणून पावसाळा संपल्यावर कापलेला परिपक्व बांबू घ्यावा आणि तो बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवावा. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीतील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकून आलेल्या कारागिराला ही प्रक्रिया नव्याने सांगावी लागत नाही. ती नीट झाली की नाही हे पाहण्यासाठी तयार तुकडे दोन-तीन आठवडे काळ्या कापडावर उभे करून ठेवावेत. कापडावर पिवळसर पिठाची बारीक रांगोळी पडलेली दिसली तर तो तुकडा दोष नसलेल्या तुकड्यांपासून लगेच दूर करावा. बांबूच्या मालासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते का हे देशानुसार बदलते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या बाबतीत फार कडक आहेत, तेथे जायचे असेल तर सांगाडा पूर्णपणे ॲल्युमिनियमचा करून बांबू फक्त छायाचित्रांत दाखवावा, असेच मी सुचवीन.

किरकोळ वाटणाऱ्या, पण माल थांबवणाऱ्या गोष्टी

अवजारांची पेटी स्वतः उघडून पाहावी. रबर सोल्यूशन, थिनर, रंगाचा स्प्रे, लायटर आणि दिव्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या या धोकादायक मालात मोडतात आणि जाहीर न करता विमानात गेल्या तर संपूर्ण खेप थांबते. चिकटद्रव्य तेथेच विकत घेता येते. कापडाच्या आगरोधकतेचे प्रमाणपत्र अनेक सभागृहे मागतात, जर्मनीत बी-१ हा वर्ग सहसा लागतो, आणि तो नसल्यास कोसा रेशमाचे सुंदर छत पेटीतच राहते. गावातून नागपूरला निघताना मालाची किंमत १,००,००० रुपयांहून जास्त असेल तर डिलिव्हरी चलनावरही ई-वे बिल (मालवाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन नोंद) काढावे. माल घेणाऱ्याच्या जागी केवळ प्रदर्शनाचे नाव लिहू नये. तेथे माल सोडवून घेणाऱ्या एजंटाचे नाव आणि आपल्या स्टॉलचा क्रमांक हवा, नाहीतर पेटीला मालकच सापडत नाही.

वेळेचा अंदाज जुन्या अनुभवावर बांधू नये. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागली आणि त्यात साधारण दोन आठवड्यांची भर पडली. त्याशिवाय सुटी खेप कंटेनर भरेपर्यंत बंदरावर थांबते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला की टेम्पो गावातच अडकतो. माल प्रदर्शनाच्या फार आधी पोहोचला तर तेथील गोदामभाडे द्यावे लागते, उशिरा पोहोचला तर सगळेच वाया जाते. या दोहोंत गोदामभाडे स्वस्त आहे.

परतीची पेटी

दालन उभे झाल्यावर रिकाम्या पेट्या आयोजकांचा वाहतूकदार गोदामात नेतो. प्रत्येक पेटीवर स्टॉल क्रमांक असलेले रिकाम्या पेटीचे लेबल चारही बाजूंनी लावावे आणि झाकणाचे बोल्ट पिशवीत घालून पेटीतच न ठेवता आपल्याजवळ ठेवावेत. पेटी हरवली आणि तेथे नवी घ्यावी लागली तर तिच्यावरही लाकडाच्या प्रक्रियेचा शिक्का पाहून घ्यावा, भारतात येणाऱ्या पॅकिंगलाही तोच नियम लागतो.

उतरवताना एखादा खांब मोडतो किंवा कापड फाटते आणि तो तुकडा तेथील कचऱ्यात जातो. कार्नेटवर गेलेली वस्तू अशी टाकता येत नाही. ती मोडकी का होईना परत आणावी, किंवा तेथील कस्टमच्या देखरेखीखाली नष्ट करून तसा लेखी दाखला घ्यावा. मोडक्या खांबाच्या जागी गावात नवा खांब बनवला जाईल तेव्हा त्याला जुना क्रमांक देऊ नये. पी-०७ मोडला असेल तर नवा खांब पी-१३ होतो, पी-०७ यादीतून कायमचा निघतो आणि पुढच्या वर्षीच्या कार्नेटसाठी सुधारलेली यादी शेडच्या भिंतीवर लावली जाते, म्हणजे वर्षभरात कोणी जादा फडताळ बनवले तर त्याची नोंद तेथल्या तेथे होते.